फेअर, जस्ट, इक्विटेबल, इम्पार्शल: शब्द कोणाबद्दल बोलतोय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही एका शिष्यवृत्तीची नियमावली इंग्रजीत लिहिलीत, त्यात तीन वाक्यं होती: 'द कमिटी विल बी इक्विटेबल', 'एव्हरी ॲप्लिकंट विल गेट अ जस्ट चान्स' आणि 'द फंड्स विल बी डिस्ट्रिब्यूटेड इम्पार्शली'. तपासणाऱ्याने तिन्ही शब्दांना गोल केले आणि बाजूला नुसतं 'राँग वर्ड' लिहून कागद परत पाठवला. डिक्शनरी उघडली तर फिरून फिरून तेच, न्याय्य, रास्त, समन्यायी, निःपक्षपाती. म्हणून तुम्ही विचारताय की यात खरंच अर्थाचा फरक आहे की तपासणाऱ्याला उगीच कीस काढायची सवय आहे.

पहिल्या दोन गोलांच्या बाबतीत तो बरोबर आहे. तिसरं वाक्य इंग्रजी म्हणून अजिबात चुकीचं नाही, पण तुम्हाला जे म्हणायचंय तेच ते म्हणतंय का, हे तुम्ही पैसे कोणत्या निकषावर वाटणार यावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. त्याकडे नंतर येते.

कायद्याचे आणि संस्थांचे दस्तऐवज इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करणं आणि दुसऱ्यांनी केलेले तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे सगळे शब्द सतत हाताखालून जातात. डिक्शनरी तुम्हाला अर्थ सांगते पण तो शब्द वाक्यात कोणाला चिकटतो ते सांगत नाही, आणि या गटात खरी गडबड तिथेच होते. म्हणून मी आधी अर्थाकडे बघतच नाही. आधी बघते की शब्द कोणाबद्दल बोलतोय: निर्णय घेणाऱ्या माणसाबद्दल, निर्णय घ्यायच्या पद्धतीबद्दल, की शेवटी कोणाच्या पदरात काय पडलं त्याबद्दल. मराठीत 'न्यायाने वागला', 'न्यायाने चौकशी केली', 'न्यायाने वाटणी झाली' असं तिन्ही ठिकाणी एकच शब्द खपून जातो आणि आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजीत तिन्हीकडे चालेल असा शब्द म्हणजे फेअर, बाकीच्यांच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत.

हे वाक्य बघा: 'द जज वॉज इम्पार्शल बट द व्हर्डिक्ट वॉज अनजस्ट.' इंग्रजी वाचणाऱ्याला यात काहीही विसंगत वाटत नाही. न्यायाधीशाने कोणाचीच बाजू घेतली नाही, पण कायदाच इतका वाईट होता की त्यातून निघालेला निकाल अन्यायाचा झाला. उलटही होतं, न्यायाधीश एका बाजूला पुरता झुकलेला असतो आणि तरी योगायोगाने निकाल जस्ट लागतो, कारण ज्याच्याकडे तो झुकला होता त्याचंच म्हणणं खरं होतं. एक शब्द माणसाच्या मनाबद्दल आहे आणि दुसरा निकालाबद्दल, म्हणून दोन्ही एकाच वाक्यात सुखाने राहतात.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याच्या कलम १० मध्ये म्हटलंय की प्रत्येकाला 'इन फुल इक्वॅलिटी', 'इंडिपेंडंट अँड इम्पार्शल ट्रायब्यूनल'पुढे 'फेअर अँड पब्लिक हिअरिंग' मिळायचा हक्क आहे. एकाच वाक्यात इक्वॅलिटी, इंडिपेंडंट, इम्पार्शल, फेअर असे चार शब्द आलेत आणि चौघांची कामं वेगळी. सुनावणी फेअर हवी, म्हणजे तुमच्यावर आरोप काय आहे ते आधी सांगितलं पाहिजे, तयारीला वेळ दिला पाहिजे, उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. न्यायमंडळ इम्पार्शल हवं, म्हणजे खुर्चीत बसलेल्याचा कल कोणत्याही पक्षाकडे नको. इंडिपेंडंट म्हणजे त्याच्यावर बाहेरून कोणाचा दाब नको. वरवर बघता शेवटचे दोन एकच वाटतात, पण समजा समोरचा पक्षकार न्यायाधीशाचा सख्खा भाऊ आहे, तर न्यायाधीश पूर्ण इंडिपेंडंट असेल, सरकारलाही भीक घालत नसेल, तरी त्या खटल्यापुरता तो इम्पार्शल मानता येत नाही. आणि इक्वॅलिटी आहे ती दारात येणाऱ्या सगळ्या माणसांसाठी. त्याच जाहीरनाम्याच्या कलम २३ मध्ये कामाच्या अटी 'जस्ट अँड फेव्हरेबल' हव्यात असं म्हटलंय, आणि समान कामाला मात्र 'इक्वल पे'. जिथे आकड्याशी आकडा लावून बघता येतो तिथे इक्वल, आणि जिथे माणसाचं काहीतरी देणं लागतं तिथे जस्ट. मसुदा लिहिणाऱ्यांनी शब्द मोजूनमापून टाकलेत हे भाषांतर करायला बसलं की फार जाणवतं.

आता एकेक शब्द घेऊ, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाहीये कारण सगळे सारखे अवघड नाहीत.

फेअर हा घरगुती शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुंदर, देखणा असा होता, हवा स्वच्छ असली की 'फेअर वेदर' म्हणतात ते तिकडूनच आलेलं, न्यायाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आजही त्याच्यात कायद्यापेक्षा खेळाच्या मैदानाचा वास जास्त आहे: नियम सगळ्यांना सारखे, कोणी लबाडी केली नाही, सगळ्यांना वाव मिळाला. लहान मूल रडत 'दॅट्स नॉट फेअर' म्हणतं, 'दॅट्स अनजस्ट' कधीच म्हणत नाही, आणि म्हणालंच तर सगळे हसतील. इथे अर्थापेक्षा वजनाचा प्रश्न आहे. रांगेत कोणी मधे घुसलं तर ते अनफेअर, त्याला अनजस्ट म्हटलं तर उगाच भाषण दिल्यासारखं वाटतं. आणि गुलामगिरीला नुसतं अनफेअर म्हटलं तर ऐकणारा चमकतो, इतक्या मोठ्या गोष्टीला इतका किरकोळ शब्द कसा काय वापरला म्हणून. नवीन लिहिणाऱ्यांच्या मसुद्यात मला हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, शब्दाचा अर्थ बरोबर पण वजन चुकलेलं.

फेअरचे दोन सापळे सांगून ठेवते. एक म्हणजे 'फेअर' चा अर्थ 'बरा, ठीकठाक' असाही होतो, गुड, फेअर, पुअर अशी प्रतवारी असते ना, त्यातला. त्यामुळे 'अ फेअर रिपोर्ट' वाचून अहवाल निःपक्षपाती आहे की जेमतेम आहे ते कळत नाही, तिथे 'फेअर अँड बॅलन्स्ड' किंवा सरळ 'इम्पार्शल' लिहिलेलं बरं. दुसरा सापळा 'फेअर इनफ' आणि 'टू बी फेअर' चा, यांचा न्यायाशी संबंध फार उरलेला नाही. 'फेअर इनफ' म्हणजे 'बरं, तुमचं म्हणणं पटलं' किंवा 'ठीके, चालेल'. 'टू बी फेअर' म्हणजे 'तसं बघायला गेलं तर'. एका मसुद्यात 'टू बी फेअर' चं 'न्यायी होण्यासाठी' असं झालेलं मी पाहिलंय आणि पुढचं अख्खं वाक्य त्यामुळे आडवं झालं होतं.

जस्ट हा लॅटिन 'जूस' वरून आला, म्हणजे कायदा, हक्क. जस्टिस, ज्युरी हे त्याच घरातले. त्यामुळे जस्ट म्हटलं की प्रश्न येतो तो हक्काचा आणि लायकीचा, ज्याला जे मिळायला हवं ते मिळालं का. अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती, १७९१ ची, म्हणते की खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची तर 'जस्ट कॉम्पेन्सेशन' द्यावं लागेल. तिथे सरकार उदार आहे की नाही हा मुद्दाच नाही, मालकाचं ते घेणं आहे. 'जस्ट वॉर', 'जस्ट कॉज' मध्येही तेच, या युद्धाला नैतिक हक्काचा आधार आहे की नाही एवढंच विचारलंय, 'फेअर वॉर' म्हटलं तर ते सामन्याबद्दल बोलल्यासारखं होईल. 'जस्ट डेझर्ट्स' हा वाक्प्रचारही याच अर्थाचा, केल्या कर्माचं फळ, त्यातला डेझर्ट हा 'डिझर्व्ह' च्या नात्यातला आहे, जेवणानंतरच्या गोडाशी त्याचा काही संबंध नाही, इंग्रजीभाषक लोकसुद्धा स्पेलिंगमध्ये एक एस जास्त टाकून बसतात.

आणि हो, जस्ट ची एक अगदी व्यवहारातली अडचण आहे. तोच शब्द 'फक्त, नुसतं' या अर्थाने दिवसातून शंभरदा वापरला जातो. त्यामुळे तुमचं 'अ जस्ट चान्स' वाचताना वाचणारा अडखळतो, त्याला वाटतं 'जस्ट अ चान्स' लिहायचं होतं आणि शब्द उलटसुलट झाले, म्हणजे अर्थ 'नुसती एक संधी'. शिवाय संधी ही हक्काचं माप लावायची गोष्टही नाही, ती मैदानातली गोष्ट आहे, म्हणून इंग्रजीत रुळलेली जोडी 'फेअर चान्स' हीच. तपासणाऱ्याने केलेला दुसरा गोल यासाठी.

आता इक्विटेबल, इथे जरा थांबूया, कारण हल्ली प्रत्येक धोरणात आणि अहवालात हा शब्द असतो आणि निम्म्या वेळा लिहिणाऱ्याला इक्वल म्हणायचं असतं. मूळ लॅटिन 'इक्वस', म्हणजे सपाट, समतल. इक्वल आणि इक्विटेबल दोघंही तिथूनच निघाले पण नंतर वाटा फुटल्या. इंग्लंडमध्ये कॉमन लॉची, म्हणजे रूढी आणि जुन्या निकालांवर चालणारी कोर्टं बहुतेक वेळा नुकसानभरपाईचे पैसे देऊन मोकळी व्हायची, पण माणसाला कधी पैसे नकोच असतात, त्याला समोरच्याने कबूल केलेली जमीन हवी असते किंवा समोरच्याला अमुक करण्यापासून थांबवायचं असतं. असे लोक चॅन्सरी नावाच्या वेगळ्या कोर्टाकडे जायचे आणि तिथे प्रकरणाची परिस्थिती बघून जो दिलासा मिळायचा त्याला इक्विटी म्हणायला लागले. १८७३ आणि १८७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी दोन्ही कोर्टं एकत्र केली, पण 'इक्विटेबल रेमेडी' (असा दिलासा), 'इक्विटेबल इंटरेस्ट' (मालमत्तेतला असा हक्क) हे शब्द अजून तसेच आहेत. त्या इतिहासामुळे इक्विटेबल मध्ये एक छटा कायमची बसली: नियम सरसकट लावला तर चुकेल, म्हणून परिस्थिती बघून दिलेला वाटा.

ही छटा नीट बघायची असेल तर १९६९ चा नॉर्थ सीचा खटला वाचा, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला. एका बाजूला पश्चिम जर्मनी, दुसऱ्या बाजूला डेन्मार्क आणि नेदरलँड्स, आणि भांडण समुद्राखालच्या जमिनीच्या वाटणीचं. डेन्मार्क आणि नेदरलँड्सचं म्हणणं की दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर रेघ मारा, प्रश्न मिटला. ऐकायला किती सरळ वाटतं! पण जर्मनीचा किनारा आत वळलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अशा रेघा मारल्या की त्या समुद्रात पुढे एकमेकींना मिळतात आणि जर्मनीच्या वाट्याला मधला निमुळता तुकडा उरतो, किनाऱ्याची लांबी शेजाऱ्यांच्या तोडीची असूनही. न्यायालयाने सांगितलं की समान अंतराची पद्धत बंधनकारक नाही, इक्विटेबल तत्त्वांवर आपसात वाटणी ठरवा. आणि त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की इक्विटी म्हणजे इक्वॅलिटी असं नाही, निसर्गाने जे दिलंय ते नव्याने घडवायचा इथे प्रश्नच नाही. म्हणजे बघा, सारखं अंतर म्हणजे इक्वल झालं, पण त्यातून आलेला वाटा इक्विटेबल झाला नाही.

जरा जमिनीवरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतले घटस्फोटाचे कायदे. कॅलिफोर्नियात लग्नानंतर दोघांनी मिळून कमावलेली मालमत्ता साधारणपणे निम्मी निम्मी होते, तो इक्वल हिशोब. न्यूयॉर्कमध्ये १९८० पासून 'इक्विटेबल डिस्ट्रिब्यूशन', तिथे कोर्ट बघतं की लग्न किती वर्षं टिकलं, कोणाची कमाई किती, घर सांभाळायला कोणी काय सोडलं, आणि मग वाटे ठरतात, ते निम्मे होतील किंवा होणार नाहीत.

म्हणून इक्विटेबल हा शब्द वाटणी, उपाय, व्यवस्था, करार यांना चिकटतो, माणसाला सहसा लावत नाहीत. 'अ जस्ट किंग' म्हणता येतं, जुन्या धाटणीचं वाटेल पण म्हणता येतं, 'अ फेअर टीचर' तर रोजचं, पण 'ॲन इक्विटेबल टीचर' म्हटलं की वाचणाऱ्याला खडा लागल्यासारखं होतं. तुमचा पहिला गोल हाच, कमिटी ही माणसं आहेत. जाता जाता, याचं विरुद्ध नाम 'इनइक्विटी', आणि त्याच्यासारखंच दिसणारं 'इनिक्विटी' म्हणजे पाप, दुराचार. दोघांचं मूळ एकच आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, स्पेलचेक काही बोलत नाही कारण दोन्ही शब्द खरे आहेत, त्यामुळे 'आरोग्यसेवेतली विषमता' लिहायला जाऊन 'आरोग्यसेवेतला दुराचार' छापून जायची पूर्ण सोय आहे.

उरलेले बहुतेक शब्द माणसाच्या मनाचे, इम्पार्शल, न्यूट्रल, अनबायस्ड, डिसइंटरेस्टेड, डिसपॅशनेट, ऑब्जेक्टिव्ह. मराठीत यातल्या निम्म्यांना आपण निःपक्षपाती आणि उरलेल्यांना तटस्थ म्हणून मोकळे होतो. यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इम्पार्शल आणि न्यूट्रल मधली फारकत. रेड क्रॉसने १९६५ मध्ये व्हिएन्नात सात मूलतत्त्वं जाहीर केली त्यात हे दोन्ही शब्द वेगवेगळी तत्त्वं म्हणून आहेत. इम्पार्शॅलिटी म्हणजे मदत करताना राष्ट्र, वंश, धर्म, वर्ग, राजकीय मत बघायचं नाही, फक्त गरज बघायची आणि ज्याची गरज जास्त तातडीची त्याला आधी. न्यूट्रॅलिटी म्हणजे लढाईत कोणाची बाजू घ्यायची नाही आणि राजकीय, धार्मिक वगैरे वादांत पडायचं नाही. न्यूट्रल माणूस बाजूला राहतो. इम्पार्शल माणसाला बाजूला राहायची मुभा नसते, न्यायाधीशाला शेवटी एकाच्या बाजूने निकाल द्यावाच लागतो आणि तो दिल्यावरही तो इम्पार्शलच असतो, कारण निकाल देताना त्याने बाजू बघितली नाही. आपण दोन्हीला 'तटस्थ' म्हटलं की हा फरक पुसला जातो आणि मग लोक पंचाकडून गप्प बसायची अपेक्षा करायला लागतात.

इम्पार्शल म्हणजे दोघांना घड्याळ लावून सारखा वेळ, असंही नाही. ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेच्या प्रसारण नियमांत बातम्यांसाठी 'ड्यू इम्पार्शॅलिटी' मागितली आहे, आणि तिथेच खुलासा आहे की 'ड्यू' म्हणजे विषयाला साजेशी, प्रत्येक मताला सारखा वेळ द्यायलाच हवा असं नाही. सारख्या मापाने वागवणं यासाठी इंग्रजीत 'ईव्हन-हँडेड' आहे, तो वागणुकीबद्दल बोलतो. दोघांवरही तितकीच कडक टीका केली तर ती ईव्हन-हँडेड.

अनबायस्ड मधला बायस म्हणजे मुळात तिरकेपणा. बोल्स नावाच्या खेळातल्या चेंडूला मुद्दाम एका बाजूला कललेला ठेवतात म्हणजे तो वळत जातो, त्या कलाला बायस म्हणतात. त्यामुळे हा शब्द माणसांइतकाच नमुन्यांना, मोजमापांना, आकड्यांना लागतो, 'अनबायस्ड सॅम्पल' चालतं पण 'इम्पार्शल सॅम्पल' नाही चालत. आणि सांख्यिकीत अनबायस्ड अंदाज म्हणजे अचूक अंदाज असं समजू नका, एखादा अंदाज बराच चुकू शकतो, फक्त चुका सतत एकाच दिशेला जात नाहीत.

डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्या गोष्टीत स्वतःचा फायदातोटा नाही तो. कंटाळलेला माणूस म्हणजे अनइंटरेस्टेड. गंमत म्हणजे १७व्या शतकात हे दोन्ही शब्द उलट अर्थानेही सापडतात, आणि आज कितीतरी लोक डिसइंटरेस्टेड चा वापर कंटाळलेला या अर्थाने करतात. माझा सल्ला असा की नियमावलीत हा शब्द वापरूच नका, 'हॅज नो फायनान्शियल इंटरेस्ट' असं सरळ लिहा, वाद संपला. डिसपॅशनेट म्हणजे भावना बाजूला ठेवून, तो विश्लेषणाला शोभतो. ऑब्जेक्टिव्ह निकषांना चांगला बसतो, म्हणजे दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासलं तरी उत्तर तेच येईल असे निकष.

मधेच एकदा गोळाबेरीज करते: माणसाबद्दल लिहीत असाल तर इम्पार्शल, निकषांबद्दल ऑब्जेक्टिव्ह, पद्धतीबद्दल आणि संधीबद्दल फेअर, वाटणीबद्दल इक्वल किंवा इक्विटेबल, आणि हक्काची किंवा नैतिकतेची मोठी गोष्ट असेल तेव्हाच जस्ट. हा काही कायदा नाही, अपवाद सापडतील, पण मसुदा तपासताना मी याच क्रमाने जाते. आणि कायद्याच्या कागदात 'जस्ट अँड इक्विटेबल', 'फेअर अँड इक्विटेबल' अशा ठरलेल्या जोड्या दिसतात, उदाहरणार्थ जैविक संपत्तीतून आलेल्या फायद्याच्या वाटणीबद्दल २०१० च्या नागोया प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात 'फेअर अँड इक्विटेबल' आहे. तिथे दोन शब्दांचे दोन वेगळे अर्थ ओढूनताणून काढायच्या नादी लागू नका, जोडी तशीच ठेवा आणि मराठी करताना एकदा जो शब्द घ्याल तोच संपूर्ण दस्तऐवजात ठेवा.

आता तुमची वाक्यं. पहिलं, 'द कमिटी विल बी इम्पार्शल' करा, आणि जमल्यास पुढे एक वाक्य जोडा की ज्या सदस्याचा नातेवाईक अर्जदार असेल त्याने त्या निर्णयात भाग घ्यायचा नाही, कारण नुसतं विशेषण लिहून कमिटी इम्पार्शल होत नाही. दुसरं, 'एव्हरी ॲप्लिकंट विल गेट अ फेअर चान्स'. पण खरं सांगायचं तर नियमावलीत हेही मोघमच आहे. 'ऑल ॲप्लिकेशन्स विल बी असेस्ड अगेन्स्ट द सेम क्रायटेरिया' लिहिलंत तर अर्जदाराला तुमच्यावर बोट ठेवता येईल असं काहीतरी हातात मिळतं.

तिसऱ्यात मात्र आधी तुम्ही ठरवा. निवड झालेल्या सगळ्यांना सारखीच रक्कम देणार असाल तर 'इक्वली' लिहा. कोणाचं घरचं उत्पन्न किती, कोणाला वसतिगृहाचा खर्च आहे, कोणाला दुसरीकडून मदत मिळते, हे बघून कमीजास्त देणार असाल तर 'इक्विटेबली', आणि मग काय काय बघणार ते लगेच पुढच्या ओळीत लिहा, नाहीतर ज्याला कमी मिळालं तो इक्वल समजून भांडायला येईल आणि त्याची काही चूक नसेल. 'इम्पार्शली' ने फक्त एवढंच कळतं की वाटताना ओळखपाळख बघणार नाही, किती कोणाला ते कळत नाही. तपासणाऱ्याला बहुतेक तेच खटकलं असणार, पण ते 'राँग वर्ड' लिहून कसं कळणार कोणाला, 'हाऊ मच टू हूम?' असं विचारलं असतं तर तुमचा वेळ वाचला असता. रकमेचं काय ठरलंय ते कळवलंत तर ते कलम पूर्ण लिहून द्यायला मदत करू शकेन.